जेवणातील सूक्ष्म आरएनए खाणाऱ्याच्या शरीरात खरोखर काम करतात का?

वैनगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न घरातून आला आहे, पण त्याचे उत्तर मला वर्गातही द्यावे लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर मांडते.

माझे वडील मूळचे भंडारा जिल्ह्यातले. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि आयुष्यभर दोन्ही वेळा भात खाल्लेला आहे. दिवाळीनंतरच्या तपासणीत त्यांचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल १५२ आले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तळलेले कमी करायला आणि रोज चालायला सांगितले, आणि तेवढ्यावर विषय संपला होता. त्याच आठवड्यात त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला. तांदळातील एक आरएनए (जनुकातील माहिती वाहणारा, डीएनएसारखा रेणू) पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातो, तेथील एक जनुक बंद पाडतो आणि त्यामुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढते, असे त्यात लिहिले होते. त्या दिवसापासून तीन आठवडे त्यांनी भाताला हात लावलेला नाही. ताटात भाकरी असते, भाजी असते, वरणाची वाटी असते, आणि भाताची जागा मोकळी ठेवून ते मुकाट्याने जेवून उठतात. आईला ते पाहवत नाही.

संदेश खोटा आहे असे सांगून मी विषय मिटवणार होते, पण शोध घेतल्यावर तो अगदीच निराधार नाही असे दिसले. २०१२ साली ‘सेल रिसर्च’ या नियतकालिकात चीनमधील नानजिंग विद्यापीठातील गटाचा असा शोधनिबंध खरोखरच छापून आलेला आहे. दुसरीकडे, एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीचे उदाहरण आहे. झाडातच त्या कृमीच्या जनुकाशी जुळणारा आरएनए तयार करवला, की झाड खाणाऱ्या कृमीचे ते जनुक गप्प होते आणि कृमी जगू शकत नाही. हे उदाहरण मी दरवर्षी शिकवते. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, कृमीला जे लागू होते ते आपल्याला का नाही?” आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. अन्नातील सूक्ष्म आरएनए सस्तन प्राण्यांच्या शरीरात जाऊन जनुकांवर परिणाम करतात, हे आज कितपत सिद्ध झालेले आहे? आणि कृमींमध्ये ते घडत असेल व आपल्यात नसेल, तर हा फरक नेमका कशामुळे पडतो? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहिले तर मी ऋणी राहीन.


प्रयोगशाळा यांचे उत्तर

नमस्कार ताई. आपण मूळ शोधनिबंधापर्यंत गेलात हे फार चांगले केले, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज त्या एका निबंधाच्या बातम्यांवरून पसरलेले आहेत.

चेन-यू झांग यांच्या गटाने चिनी व्यक्तींच्या सीरममधील (रक्तातील पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातील) सूक्ष्म आरएनए वाचले तेव्हा त्यात वनस्पतींचे काही मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचे काम दाबणारे आखूड आरएनए, आढळले. त्यांपैकी भातात विपुल असणारा एमआयआर १६८ए हा त्यांनी पुढे अभ्यासला. त्याचा अनुक्रम एलडीएलआरएपी१ या जनुकाच्या संदेशाशी (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या आरएनएशी) अंशतः जुळतो. या जनुकापासून बनणारे प्रथिन यकृताच्या पेशीला रक्तातील एलडीएल आत ओढून घ्यायला मदत करते, म्हणजे ते कमी झाले तर एलडीएल रक्तातच साचून राहील. उंदरांना तांदूळ खाऊ घातल्यावर यकृतातील हे प्रथिन घटले आणि एलडीएल वाढले, असे त्यांनी दाखवले. मी तो निबंध आला त्याच आठवड्यात वाचला होता आणि त्या रात्री झोप लागली नव्हती, कारण ते खरे असते तर घास म्हणजे केवळ पिष्ट, प्रथिने आणि जीवनसत्त्वे न राहता खाणाऱ्याच्या जनुकांना दिलेला आदेशही ठरला असता.

पण मग मोजमाप करावे लागते. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २१-२२ अक्षरांचा तुकडा. पेशीत त्याचा परिणाम दिसायचा असेल तर एका पेशीत त्याच्या निदान शंभरेक, अनेकदा त्याहून कितीतरी अधिक प्रती असाव्या लागतात. प्रौढ माणसाच्या यकृतात मुख्य कार्य करणाऱ्या पेशी अंदाजे २० हजार कोटी असतात. म्हणजे फक्त यकृतापुरते बोलायचे तरी एकाच प्रकारच्या आरएनएचे सुमारे २० लाख कोटी रेणू अखंड अवस्थेत तेथे पोचले पाहिजेत. ते कशातून पोचायचे, तर लाळेतील आरएनए तोडणारी विकरे, जठरातील आम्ल, स्वादुपिंडातून आतड्यात सुटणारे रायबोन्युक्लिएज हे आरएनए तोडणारे विकर, मग आतड्याचे अस्तर, मग रक्त, आणि शेवटी यकृताच्या पेशीचे आवरण, इतक्या टप्प्यांमधून. वनस्पतींच्या मायक्रोआरएनएच्या एका टोकाला मिथिल गट असतो व त्यामुळे ते प्राण्यांच्या मायक्रोआरएनएपेक्षा थोडे टिकाऊ असतात हे खरे आहे, पण टिकाऊ असणे वेगळे आणि पुरेशा संख्येने योग्य पेशीत पोचणे वेगळे.

नानजिंगचा निकाल इतरांनी पडताळून पाहिला. २०१३ साली अमेरिकेतील स्नो आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंना फळे आणि उंदरांना अ‍ॅव्होकाडोयुक्त आहार दिला. ज्या उंदरांच्या शरीरात एमआयआर-२१ हा मायक्रोआरएनए मुळातच बनत नाही, अशा उंदरांना तो भरपूर असलेली प्राणिज चरबीही खाऊ घातली. हा शेवटचा प्रयोग मला विशेष निर्णायक वाटतो, कारण ज्याच्या घरी ती वस्तू नाहीच त्याच्याकडे ती सापडली तर ती बाहेरूनच आली असे म्हणता येते. परंतु रक्तात वा अवयवांत नाव घेण्याजोगे काहीही सापडले नाही. त्याच वर्षी विटवर आणि सहकाऱ्यांनी माकडांना वनस्पतिजन्य पेय पाजून त्यांचे रक्त तपासले. जे अत्यल्प संकेत दिसले ते चाचणीच्या गोंगाटातून वेगळे काढता आले नाहीत.

मग मुळात माणसाच्या सीरममध्ये भाताचा आरएनए दिसला कसा? याचे उत्तर मी स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीवरून देऊ शकतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तेथे आम्ही सशांच्या रक्तद्रवात गव्हाचा एक मायक्रोआरएनए शोधत होतो. पीसीआर या, रेणूंच्या प्रती चक्राचक्राने वाढवून ते शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सशांच्या नमुन्यांच्या रेषा ३४व्या-३५व्या चक्राला वर चढल्या आणि आम्ही सगळे आनंदाने खुर्च्यांवरून उठलो. तेवढ्यात बाजूच्या विद्यार्थ्याने फक्त शुद्ध पाणी असलेल्या नळीची रेषा दाखवली. तीही ३६व्या चक्राला वर चढत होती. त्या नळीत ससा नव्हता, गहू नव्हता, काहीच नसायला हवे होते. दोन आठवडे आम्ही एकेक रसायन बदलत गेलो तेव्हा कळले, की आरएनए वेगळा करण्याचे जे साहित्य आम्ही वापरत होतो तेच त्या महिन्याच्या सुरुवातीला गव्हाच्या पानांसाठी उघडले गेले होते. प्रत्येक चक्रात रेणू दुप्पट होतात, त्यामुळे हातमोज्यावर राहिलेला कणही ४० चक्रांत डोंगराएवढा दिसतो. आमचे सहा महिन्यांचे काम आम्ही बाजूला ठेवले, आणि मला अजूनही वाटते की ते योग्यच केले.

असे आमच्याच बाबतीत घडले असे नाही. २०१७ साली माणसाच्या ऊती व शरीरद्रव यांच्या ८०० हून अधिक उपलब्ध क्रमवाचन-संचांची (नमुन्यातील आरएनएचे अनुक्रम वाचून मिळालेल्या माहितीची) एकत्र तपासणी झाली. अन्नातून आरएनए येत असते तर ते यकृतात जास्त आणि मेंदूभोवतीच्या द्रवात कमी दिसायला हवे होते. तसा काहीही फरक आढळला नाही. त्याहून बोलकी बाब अशी, की शरीरद्रवांत सापडलेल्या परक्या मायक्रोआरएनएंपैकी ८१ टक्के उंदीरवर्गीय प्राण्यांचे होते. माणसे उंदीर खात नाहीत, पण प्रयोगशाळांमध्ये उंदीर सर्वत्र असतात.

आपल्या वडिलांच्या कोलेस्टेरॉलशी याचा एक थेट संबंध आहे, तोही सांगतो. यकृतात शिरून एलडीएल बदलणारा सूक्ष्म आरएनए आज खरोखर अस्तित्वात आहे. त्याचे नाव इन्क्लिसिरॅन, आणि अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तो पीसीएसके९ या जनुकाचा संदेश तोडतो आणि एलडीएल खाली आणतो. परंतु तो तग धरावा म्हणून त्याच्या रेणूत जागोजागी रासायनिक बदल करावे लागले, यकृताच्या पेशीने त्याला ओळखून आत घ्यावे म्हणून त्याला विशिष्ट शर्करेचे शेपूट जोडावे लागले, आणि एवढे करूनही तो गोळी म्हणून देता येत नाही. २८४ मिलिग्रॅमची मात्रा त्वचेखाली टोचावी लागते. आरएनए गिळून यकृतापर्यंत पोचवणे सोपे असते, तर ही सुई लागली नसती.

प्रश्न पूर्णपणे मिटला आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नानजिंगच्या गटाने २०२१ साली, उंदरांच्या जठरातील एसआयडीटी१ हे प्रथिन आहारातील मायक्रोआरएनए शोषून घेते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला आहे. तो गांभीर्याने वाचण्यासारखा आहे. परंतु त्यांच्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांनी तो परिणाम स्वतंत्रपणे, पाण्याच्या नळीसकट, पुन्हा दाखवेपर्यंत एखाद्याने ताटातील भात सोडावा इतके वजन मी त्याला देणार नाही.


पऱ्हाटी यांचे उत्तर

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून मी फक्त त्याच्याबद्दल लिहितो. मी विदर्भात कपाशीवरील किडींवर अठरा वर्षे काम करत आहे आणि हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे.

सी. एलिगन्स या सूत्रकृमीला दुपदरी आरएनए बनवणारे जिवाणू खाऊ घातले की त्याचे जनुक गप्प होते, हे १९९८ सालीच दाखवले गेले. याचे कारण त्याच्या आतड्याच्या आतल्या बाजूवर एसआयडी-२ नावाचे प्रथिन असते. ते खाण्यातला दुपदरी आरएनए पकडून आत घेते. पुढे एसआयडी-१ हे दुसरे प्रथिन तो एका पेशीतून दुसरीत जाऊ देते. शिवाय कृमीकडे आरएनएवरून आरएनए बनवणारे विकर असते, त्यामुळे आत शिरलेले थोडेसे रेणू तेथे वाढवले जातात. कीटकांकडे आणि आपल्याकडे ही वाढवण्याची सोय नाही. जे आत आले तेवढेच. आता यातला सर्वांत शिकवण्यासारखा भाग असा, की सी. ब्रिग्सी हा त्याच कुळातला, दिसायला जवळजवळ सारखा कृमी आहे, आणि त्याच्यावर खाण्यातल्या आरएनएचा परिणाम होत नाही. संशोधकांनी त्याच्या आतड्यात सी. एलिगन्सचे एसआयडी-२ बसवले, आणि तोही खाल्लेल्या आरएनएला प्रतिसाद देऊ लागला. म्हणजे सख्ख्या शेजाऱ्यांतही दार एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही. “कृमीला लागू होते” असे सरसकट म्हणणेसुद्धा बरोबर नाही, हे वर्गात अवश्य सांगावे.

कीटकांमध्येही असेच आहे. भुंगेरे खाल्लेल्या आरएनएला फार संवेदनशील असतात. मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या दुपदरी आरएनए खाऊन मरतात, हे २००७ साली सिद्ध झाले. त्यावरून पुढे अशी मक्याची जात तयार झाली, की जिच्या झाडात त्या अळीच्या एसएनएफ७ जनुकाशी जुळणारा २४० अक्षरांचा आरएनए बनतो. अमेरिकेत तिला २०१७ साली मान्यता मिळाली. बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना हे फवारायचे आरएनए-कीटकनाशक तेथे २०२३ च्या अखेरीस नोंदले गेले. तेव्हा “अन्नातील आरएनए खाणाऱ्यावर परिणाम करतात का” या प्रश्नाचे उत्तर काही प्राण्यांपुरते निःसंशय होकारार्थी आहे आणि त्यावर उत्पादने विकली जात आहेत.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे सगळे लांब, दुपदरी आणि त्या किडीच्या जनुकाशी मुद्दाम तंतोतंत जुळवलेले आरएनए आहेत. मक्याच्या भुंगेऱ्यात साधारण ६० अक्षरांपेक्षा आखूड तुकडे आतड्यातून आत घेतलेच जात नाहीत, असे २०१२ च्या प्रयोगांत दिसले. झाडाचा स्वतःचा मायक्रोआरएनए २१ अक्षरांचा असतो आणि तो कुणा प्राण्यासाठी बनलेला नसतो. त्याची या आरएनएशी बरोबरी करता येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची आहे. बोंडअळी हा पतंगाचा प्रकार, आणि पतंगवर्गीय अळ्यांमध्ये हे तंत्र कधी चालते, कधी चालत नाही. चीनमधील एका गटाने २००७ साली हिरव्या बोंडअळीला असा आरएनए बनवणारी पाने खाऊ घातली, की ज्यामुळे कपाशीतील गॉसिपॉल हे विष पचवण्याची तिची ताकद कमी झाली आणि तिची वाढ खुंटली. आम्हाला केवढी आशा वाटली होती! पण २०११ साली पतंगवर्गीय अळ्यांवरच्या दीडशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला तेव्हा यश किती बेभरवशाचे आहे ते कळले. कारण पाहायचे असेल तर अळी उघडून पाहावी. पाचव्या अवस्थेतली बोंडअळी बर्फावर ठेवून सुस्त करायची, बारीक कात्रीने पाठीवर चीर द्यायची, आणि आतून हिरवट रसाने तट्ट फुगलेले आतडे बाहेर घ्यायचे. त्या रसाचा एक थेंब पीएच कागदावर टेकवला की कागद क्षणात गर्द निळा होतो. हा रस अतिशय अल्कधर्मी असतो आणि त्यात आरएनए तोडणारी विकरे भरपूर असतात. मी त्या रसात दुपदरी आरएनए मिसळून अर्ध्या तासाने जेलवर (जेथे अखंड आरएनए ठळक पट्ट्यासारखा दिसतो) पाहिला, तेव्हा पट्टा दिसलाच नाही. खाली नुसती धूसर सावली होती. त्यातून जो आरएनए पेशीत शिरतो तोही पुष्कळदा आतल्या पिशव्यांतच अडकून राहतो. भुंगेरा आणि बोंडअळी दोघेही कीटकच, दोघेही झाडच खातात, पण एकाला आरएनए मारतो आणि दुसरी तो पचवून मोठी होते.

गावांतून मला नेहमी विचारले जाते म्हणून जाता जाता लिहितो. सरकीच्या पेंडीचा या विषयाशी संबंध नाही. बीटी कपाशीत किडीला मारणारी वस्तू क्राय प्रथिन आहे, आरएनए नव्हे.


गोठा यांचे उत्तर

मी पशुवैद्यक आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत आतड्याबद्दल आले आहे, त्यात गाईच्या बाजूने थोडी भर घालतो.

गाईच्या स्वादुपिंडात रायबोन्युक्लिएज विलक्षण प्रमाणात असते. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की पहिल्या पोटात वाढलेले असंख्य सूक्ष्मजीव पुढे आतड्यात येऊन पचतात आणि त्यांच्या आरएनएमधील नायट्रोजन व फॉस्फरस वाया जाऊ नये म्हणून ते तोडण्याची मोठी व्यवस्था गाईकडे उत्क्रांत झाली. हीच गोष्ट पाने खाणाऱ्या माकडांतही घडली आहे. आपल्याकडे गोरेवाड्याच्या बाजूला दिसणाऱ्या वानरांचे आग्नेय आशियातील भाऊबंद म्हणजे डूक लंगूर. त्यांच्यात रायबोन्युक्लिएजच्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली आणि तिचे प्रथिन त्यांच्या आतड्यातील किंचित आम्लतेला साजेसे बदलले, असे २००२ साली दाखवले गेले. मला यातून जे दिसते ते असे: आहारात आरएनए जितका जास्त, तितकी तो मोडून खाण्याची सोय पक्की. या प्राण्यांसाठी आरएनए हा निरोप नसून खाद्य आहे.

दुधाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण दुधातील मायक्रोआरएनए चरबीच्या सूक्ष्म पुटिकांत (पिशव्यांत) गुंडाळलेले असतात आणि पिलाचे आतडे सुरुवातीच्या काळात अधिक मोकळे असते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील गटाने २०१४ साली, गाईचे दूध प्यायलेल्या माणसांच्या रक्तात दुधातील दोन मायक्रोआरएनए वाढले, असे प्रसिद्ध केले. परंतु गाईचे आणि माणसाचे ते मायक्रोआरएनए अनुक्रमाने सारखेच आहेत, त्यामुळे ते आले कुठून हे सांगणे कठीण जाते. ही अडचण झुरिचमधील संशोधकांनी २०१५ साली फार सुंदर रीतीने सोडवली. ज्या पिलांमध्ये एमआयआर-३७५ हा मायक्रोआरएनए बनतच नाही अशी उंदराची पिले त्यांनी निरोगी आईच्या अंगावर पाजली. दुधात तो भरपूर होता, पण पिलांच्या रक्तात किंवा यकृतात तो आढळला नाही, आणि आतड्यातील द्रवात तो झपाट्याने तुटत होता. मी या एका प्रयोगाला दहा सर्वेक्षणांहून अधिक मानतो.


वैनगंगाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे सगळे वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले. आरएनए, विकरे, दारे याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण शेवटी त्यांनी एकच विचारले, “त्या उंदरांना भातासोबत वरण दिलं होतं का?” मला उत्तर माहीत नव्हते. नानजिंगच्या उंदरांमध्ये एलडीएल खरोखर वाढले होते, तर आरएनए नसेल तर ते वाढले कशाने, हे मलाही विचारायचेच होते.

आणखी एक शंका मनात आली. आरएनएला आतड्याची भिंत ओलांडता येत नसेल, तर भिंतीच्या अलीकडे, आतड्यातच राहणाऱ्या जिवाणूंवर त्याचा परिणाम होऊ शकेल का?


प्रयोगशाळा

आपली शंका आधी घेतो, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत आशादायक वाट तीच आहे. जिवाणूंपर्यंत पोचण्यासाठी आरएनएला रक्तात जावे लागत नाही, आणि वाटेत तो कितीही विरळ झाला तरी ज्याच्यावर परिणाम व्हायचा तो त्याच्या शेजारीच बसलेला असतो. २०१६ साली असे दाखवले गेले, की आपल्या आतड्याच्या पेशी स्वतःच मायक्रोआरएनए विष्ठेत सोडतात आणि ते काही जिवाणूंत शिरून त्यांची वाढ बदलतात. २०१८ साली अमेरिकेतील लुइव्हिलच्या गटाने आल्यातील अतिसूक्ष्म पुटिका उंदरांना पाजल्या. त्यांतील आरएनए लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूत गेले, त्याच्या एका जनुकाचे काम बदलले, त्यातून बनलेल्या पदार्थामुळे आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारा इंटरल्यूकिन-२२ हा प्रथिन-संकेत वाढला, आणि उंदरांचा आतड्याचा दाह कमी झाला. येथे आरएनएने उंदराचे जनुक बदललेले नाही, त्याच्या पाहुण्याचे बदलले आहे. हे काम उंदरांवरचे आहे आणि त्यात पुटिका वेगळ्या काढून दिल्या होत्या, चहातले आले नव्हे, एवढे विद्यार्थ्यांना सांगावे. पण यंत्रणेत आधी चर्चिलेल्या अडचणींपैकी बहुतेक उरत नाहीत, म्हणून मी या दिशेच्या कामाकडे बारकाईने लक्ष ठेवून असतो.

आता वडिलांचा प्रश्न. मी माझ्या पहिल्या उत्तरात हा भाग लिहायला हवा होता; त्यांनी नेमकी तीच जागा पकडली आहे.

२०१३ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी नानजिंगचा प्रयोग पुन्हा करून पाहिला. हे संशोधक मोन्सँटो आणि मायराजेन या कंपन्यांतले होते, आणि आरएनए-आधारित पिके विकू इच्छिणाऱ्या कंपनीला हा परिणाम खोटा ठरावा असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून मी तो निबंध दोनदा तपासून वाचला. स्नो आणि विटवर यांच्या कामाचा निष्कर्ष त्याच दिशेचा नसता तर मी एकट्या या निबंधावर विसंबलो नसतो. त्यांच्या उंदरांच्या रक्तद्रवात आणि यकृतात भाताचा एमआयआर १६८ए नगण्य होता आणि एलडीएलआरएपी१ घटलेले नव्हते. तरीही, केवळ तांदळावर ठेवलेल्या उंदरांचे एलडीएल वाढले.

म्हणजे वाढ खरी होती, तिचे श्रेय मात्र आरएनएला देता येत नव्हते. प्रयोगशाळेतल्या उंदराचे नेहमीचे खाद्य संतुलित असते. त्यात प्रथिने, स्निग्धांश, जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. ते काढून फक्त तांदूळ दिला की प्रथिने एकदम खाली येतात, आणि प्रथिने तुटली की यकृतातील स्निग्ध पदार्थांचा सगळा व्यवहारच बदलतो. डिकिन्सन यांच्या गटाने भात असलेला पण पोषणाच्या दृष्टीने समतोल केलेला आहार दिला तेव्हा एलडीएलमधील तो फरक राहिला नाही. जे नानजिंगला एका रेणूचे काम वाटले, ते अपुऱ्या जेवणाचे होते.

तेव्हा वडिलांना सांगावे, की एलडीएल वाढलेल्या त्या उंदरांना वरण मिळाले नव्हते. त्यांच्या ताटात ते रोज असते. गोळी, चालणे आणि तळलेले कमी करणे हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावे, भात किती घ्यायचा हे साखर आणि वजन पाहून त्यांनाच विचारावे, आणि आरएनएच्या भीतीने मोकळी ठेवलेली ताटातली जागा आता भरायला हरकत नाही.